उलटं पुस्तक वाचणारी मुलं आणि इस्राएलमधल्या चार तऱ्हेच्या शाळा

येमेनमधल्या ज्यू मुलांना पुस्तक उलटं ठेवलं तरी घडाघडा वाचता यायचं. यात चमत्कार काही नव्हता, पुस्तकांची टंचाई होती. गुरुजी मध्ये एकच पोथी उघडून बसायचे आणि मुलं चारी बाजूंनी कोंडाळं करायची. गुरुजींच्या शेजारी बसलेल्याला अक्षरं सुलटी दिसायची, समोरच्याला डोक्यावर उभी आणि बाजूच्यांना आडवी. रोज असं वाचून वाचून अक्षर कुठूनही ओळखता यायला लागायचं.

ही मुलं घरात अरबी बोलायची आणि शाळेत हिब्रू वाचायची. १९४९-५० मध्ये येमेनमधले सुमारे ४९ हजार ज्यू विमानांनी इस्राएलला आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात, स्थलांतरितांच्या छावण्यांमधल्या अशा मुलांना कोणत्या शाळेत घालायचं या वादातून तिथलं सरकार पडलं. तो किस्सा पुढे येईलच. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

ज्यूंच्या शाळा वेगळ्या आणि अरबांच्या वेगळ्या म्हटलं की आपण धरून चालतो, धर्म दोन म्हणून शाळा दोन. इतिहास वाचला की उलटंच दिसतं. जुन्या धार्मिक शाळा एकमेकींसारख्या होत्या, जवळजवळ मावसबहिणी. त्या एकमेकींपासून खऱ्या अर्थानं लांब गेल्या त्या आधुनिक झाल्यावर. लांब नेणाऱ्या गोष्टी तीन: शिकवण्याची भाषा, सरकारी अनुदान आणि बोर्डाची परीक्षा. मराठी माध्यम की इंग्रजी, एसएससी की सीबीएसई, अनुदानित की विनाअनुदानित, या चर्चा ज्या घरात होतात तिथे हे समजायला जड जाऊ नये.

सुरुवात लहान मुलांपासून. ज्यूंची प्राथमिक शाळा म्हणजे हेदर. हिब्रूत या शब्दाचा अर्थ नुसता 'खोली'. गुरुजींच्या घरातली एक खोली, तीच शाळा. मुसलमान मुलांची प्राथमिक शाळा म्हणजे कुत्ताब. हा शब्द 'लिहिणं' या धातूपासून आला, त्यातूनच आपल्याकडची 'किताब'ही आली. हेदरमध्ये तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, आणि कुत्ताबमध्ये कुराण. दोन्हीकडे मोठ्यांदा म्हणणं, डुलत डुलत पाठ करणं, आणि दोन्हीकडे छडी. कुत्ताबमध्ये मुलाच्या हातात लाकडाची फळी असायची. तिच्यावर शाईनं कुराणातल्या ओळी, म्हणजे आयती, लिहायच्या, पाठ झाल्या की फळी धुवायची आणि पुढच्या आयती लिहायच्या. मध्ययुगीन जर्मनीतल्या ज्यूंकडे शाळेचा पहिला दिवस फार गोड असायचा. पाटीवर मुळाक्षरं लिहून त्यांवर मध लावायचा आणि मुलानं तो चाटायचा, म्हणजे विद्या गोड लागेल. (आमच्या पाटीला फक्त थुंकी मिळाली.)

वर्गात मुलं किती असावीत हा प्रश्नही जुनाच. पहिल्या शतकात जेरुसलेमच्या मंदिराचे महापुरोहित यहोशुआ बेन गामला यांनी गावोगाव शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची सोय लावली, असं तल्मूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. त्याच ठिकाणी हिशेबही दिलाय: २५ मुलांना एक शिक्षक, ४० झाली तर हाताखाली मदतनीस, ५० झाली तर शिक्षक दोन. आपल्याकडे एका वर्गात साठ-सत्तर मुलं कोंबणाऱ्यांनी हा उतारा फ्रेम करून लावायला हरकत नाही.

मुली मात्र दोन्हीकडे बहुतेक घरीच. अपवाद होते, पण ते अपवादच.

आता मोठ्यांच्या शाळा. हिब्रू 'येशिवा' या शब्दाचा अर्थ 'बसणं'. आपण गाण्याची बैठक म्हणतो, तशी ही विद्येची बैठक. सगळ्यात नावाजलेल्या दोन येशिवा आजच्या इराकमध्ये होत्या. एक सुरा इथली, रव नावाच्या गुरूंनी तिसऱ्या शतकात सुरू केलेली. दुसरी पुम्बेदिथा इथली, त्याच शतकातली. पुम्बेदिथा म्हणजे आजच्या फलुजाच्या आसपासची जागा. हे नाव आपण फक्त युद्धाच्या बातम्यांत ऐकलं, पण ज्यू धर्मशास्त्राचा गाभा असलेला बाबिलोनी तल्मूद घडला तो याच परिसरात. वर्षातून दोनदा, अदार आणि एलूल या महिन्यांत, घरी राहून अभ्यास करणारी माणसं तिथे जमायची. ठरलेला ग्रंथ घरून वाचून यायचं आणि महिनाभर त्यावर खल करायचा. वारीच म्हणा, फक्त टाळ-मृदंगाच्या जागी वादविवाद.

पुढे अब्बासी खलिफांची राजधानी बगदाद झाली आणि नवव्या शतकाच्या अखेरीस पुम्बेदिथाची येशिवाही तिथे हलली. ९२८ साली सुराच्या प्रमुखपदी आलेले सादिया गाओन मूळचे इजिप्तचे. त्यांनी तोरा अरबीत आणला. ज्यू पंडित तेव्हा अरबीत विचार करायचे आणि बरेचदा तीच अरबी हिब्रू अक्षरांत लिहायचे. याच बगदादमध्ये १०६७ साली निझामिया मदरसा उघडला. वजीर निझाम-उल-मुल्क यांनी तो काढला आणि १०९१ पासून काही वर्षं गझालीसारखा तत्त्वज्ञ तिथे शिकवत होता. मदरशाचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले, विद्यार्थ्यांना राहणं-खाणं मिळे आणि मुख्य विषय असे धर्मशास्त्राचा कायदा. शिक्षक शिकवून झाल्यावर 'इजाझा' द्यायचा, म्हणजे 'हा ग्रंथ हा माझ्याकडे शिकला, आता तो शिकवू शकतो' अशी परवानगी. तिच्यावर नाव गुरूचं असायचं, संस्थेचं नव्हे. 'मदरसा' हा शब्द अरबी 'दरस'वरून आला आणि ज्यूंच्या अभ्यासगृहाला 'बेत मिद्राश' म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकाच जुन्या सेमिटिक धातूत आहे.

येशिवात नेमकं काय चालतं हे जवळून पाहायला हवं, कारण ही पद्धत आजही तशीच आहे. तल्मूदचं पान उघडा. मधोमध मूळ मजकुराचा चौकोन. आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या फ्रेंच पंडिताचं भाष्य, बाहेरच्या बाजूला त्याच्या नातवंडांच्या पिढीनं घेतलेले आक्षेप आणि कडेला आणखी बारीक टिपा. सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका ही आपल्या शास्त्रीपंडितांची मांडणीच एका पानावर बसवल्यासारखी. ही रचना पक्की झाली व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ या काळात छापलेल्या आवृत्तीमुळे. तेव्हापासून पानांचे क्रमांकही तेच आहेत. मुंबईत, न्यूयॉर्कमध्ये किंवा जेरुसलेममध्ये 'अमुक ग्रंथ, २१ वं पान' म्हटलं की तेच पान उघडतं.

हे पान एकट्यानं वाचायचं नसतं. दोघांची जोडी असते, तिला हव्रुता म्हणतात. एकानं वाचायचं, अर्थ लावायचा. दुसऱ्यानं तो मोडून काढायचा. मोठ्या हॉलमध्ये अशा शंभर जोड्या एकाच वेळी भांडत असतात. आपल्या अभ्यासिकेत 'शांतता राखा' अशी पाटी असते, इथे शांतता झाली तर काहीतरी बिघडलंय असं समजतात. बोलताना अंगठा हवेत असा फिरवतात, जणू मुद्दा खोदून वर काढताहेत. सकाळी एक सत्र, दुपारी एक, रात्री एक. परीक्षा जवळपास नाही. पदवी मिळवणं हा हेतूही नाही. आजच्या येशिवा जिला आपली आजी मानतात ती संस्था १८०३ मध्ये वोलोझिन गावात, आजच्या बेलारूसमध्ये निघाली. गावच्या ज्यू समाजाच्या पैशांऐवजी देशभरातून वर्गणी, ठरलेलं वेळापत्रक आणि लांबून येणारी हुशार मुलं. रशियन सरकारनं तिथे रशियन भाषा आणि इतर विषय शिकवायची सक्ती केली, वाद चिघळला आणि १८९२ मध्ये ती बंद झाली. सरकारी विषय की फक्त धर्मग्रंथ, हे भांडण तेव्हापासून चालू आहे.

आधुनिक शाळा या प्रदेशात एका दारानं आली नाही. पॅरिसमध्ये १८६० साली स्थापन झालेल्या आलियान्स या ज्यू संस्थेनं मोरोक्कोपासून बगदादपर्यंत शाळा काढल्या. माध्यम फ्रेंच, विषय गणित, भूगोल, विज्ञान, आणि मुलींसाठीही वर्ग. त्याच दशकात, १८६३ मध्ये, बुत्रुस अल-बुस्तानी यांनी बैरूतमध्ये 'राष्ट्रीय शाळा' काढली. ते स्वतः ख्रिस्ती, पण शाळा सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी आणि भर अरबीवर. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा तर सगळीकडेच होत्या. त्यांचं एक टोक आपल्याकडेही आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंसाठी. हिब्रूचा विसर पडलेल्या या शनवार तेल्यांना (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव) आपली धर्मभाषा मराठीतून आणि एका पाद्र्याकडून शिकायला मिळाली. पुढे १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत या समाजाची स्वतःची शाळा सुरू केली.

जेरुसलेममध्ये १९०९ साली खलील अल-सकाकिनी या अरब शिक्षकानं एक शाळा काढली, 'दुस्तुरिया', म्हणजे संविधानाची. तुर्कस्तानात नुकतंच संविधान परत आलं होतं, त्या उत्साहातलं नाव. या शाळेत गुण नाहीत, बक्षिसं नाहीत आणि शिक्षाही नाही. शिकवणं अरबीतून, आणि प्रवेश सगळ्या धर्मांना. आज 'आनंददायी शिक्षण' म्हणून ज्याच्या कार्यशाळा होतात ते सकाकिनींनी शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलं. मला या सगळ्या गोष्टीत हा माणूस सर्वांत आवडतो.

त्याच सुमारास, १९०५ मध्ये, जवळच्या जाफा बंदरात भाड्याच्या घरात १७ मुलांवर 'हर्झलिया जिम्नाशियम' सुरू झालं. जिम म्हणजे व्यायामशाळा नव्हे. जर्मन वळणानं हायस्कूलला जिम्नाशियम म्हणतात. सगळे विषय हिब्रूतून शिकवणारं हे पहिलं हायस्कूल. पण हजारो वर्षं प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेल्या भाषेत रसायनशास्त्र शिकवायचं कसं? शिक्षक शब्द घडवत होते आणि शिकवत होते. १९१३ मध्ये हैफाच्या नव्या तंत्रमहाविद्यालयात विज्ञान जर्मनमधून शिकवायचं ठरलं, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी संप केला. या भांडणाला 'भाषांचं युद्ध' असंच नाव पडलं. पुढच्या वर्षी संस्थेला माघार घ्यावी लागली. 'विज्ञान मातृभाषेतून शिकवता येत नाही' हे आपल्याकडे आजही ऐकू येतं. तिथे तर ती मातृभाषाही नव्हती, मुलांना आणि शिक्षकांना ती आधी मातृभाषा बनवायची होती.

दोन वाटा पक्क्या वेगळ्या झाल्या त्या ब्रिटिशांच्या काळात. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन त्यांच्या ताब्यात आलं. अरब मुलांसाठी सरकारी शाळा होत्या, अरबी माध्यमाच्या आणि सरकारच्या हुकुमातल्या. ज्यू समाज स्वतःच्या हिब्रू शाळा स्वतः चालवायचा. सरकार थोडं अनुदान द्यायचं, पण अभ्यासक्रम त्यांचा, शिक्षक त्यांचे. अरबांना शाळा हव्या होत्या, पण सरकारचा हात आखडता. कित्येक खेड्यांत लोकांनी वर्गणी काढून शाळेची इमारत बांधली. सरकारी व्यवस्थेचा कळस म्हणजे जेरुसलेमचं अरब कॉलेज. देशभरातली निवडक हुशार मुलं तिथे यायची. १९२५ ते १९४८ अहमद सामिह अल-खालिदी तिथले प्राचार्य होते. १९४८ च्या युद्धात ते बंद पडलं आणि त्यातले शिक्षक-विद्यार्थी बैरूत, बगदाद, अम्मानकडे पांगले. एक चांगली शाळा जाते तेव्हा पुढच्या वीस वर्षांचे शिक्षक जातात. इस्राएलमध्ये उरलेल्या अरब समाजाला ते फार जाणवलं.

आता ती सरकार पडण्याची गोष्ट. नव्या देशानं १९४९ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. पण ज्यूंच्या शाळा तेव्हा राजकीय पक्षांप्रमाणे वाटलेल्या होत्या: सर्वसाधारण, कामगार चळवळीच्या, धार्मिक झायनवाद्यांच्या (म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्या धार्मिक लोकांच्या) आणि कट्टर सनातन्यांच्या. छावण्यांत येमेनची मुलं आली. ती धर्मनिष्ठ घरांतली होती, पण छावणीतलं शिक्षण बहुतेक धर्मनिरपेक्ष लोकांच्या हाती होतं. मुलांच्या कानांवरच्या झुलपा कापल्याच्या तक्रारी झाल्या. धर्मनिष्ठ ज्यू पुरुषाला या बटांचं महत्त्व शेंडी-जानव्याइतकं. १९५० मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. नोंदणी कोणत्या प्रकारच्या शाळेत करायची यावर संसदेत सरकारचा प्रस्ताव पडला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी राजीनामा दिला. पुस्तक उलटं वाचणाऱ्या मुलांवरून.

त्यातून १९५३ चा कायदा निघाला आणि आजचा साचा तयार झाला. शाळा चार तऱ्हेच्या. पहिली हिब्रू सरकारी शाळा, साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेसारखी. दुसरी सरकारी-धार्मिक: सगळे आधुनिक विषय, शिवाय तल्मूद आणि प्रार्थना. हिच्या मुलग्यांच्या अनेक हायस्कुलांना 'येशिवा तिखोनित' म्हणतात, सकाळी येशिवा आणि दुपारी हायस्कूल. तिसरी हरेदी, म्हणजे कट्टर सनातन्यांची. त्या स्वतंत्र, पण सरकारी पैसा घेणाऱ्या. चौथी अरबी माध्यमाची. तिच्यातही द्रूझ समाजाचा अभ्यासक्रम वेगळा आणि चर्चच्या खासगी शाळा वेगळ्या. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूव्हेन रिव्हलिन यांनी पहिलीच्या वर्गांचा हिशेब एका भाषणात मांडला: ३८ टक्के मुलं धर्मनिरपेक्ष ज्यू, सुमारे १५ टक्के धार्मिक-राष्ट्रवादी, पाव हिस्सा अरब आणि जवळजवळ पाव हिस्सा हरेदी. ही मुलं एकमेकांना शाळेत भेटत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत विद्यापीठात जाईपर्यंत कुठेच नाही.

या चौघींमधली सगळ्यात खोल दरी ज्यू-अरबांमध्ये असेल असं वाटतं. अभ्यासक्रमापुरतं बोलायचं तर ती हरेदी मुलगे आणि बाकी सगळे यांच्यात आहे. अरब मुलगा आणि तेल अवीवची मुलगी, दोघंही शेवटी 'बाग्रुत' देतात. बाग्रुत ही तिथली बारावी. शब्दाचा अर्थ 'परिपक्वता'. विषयांना एकक असतात आणि गणिताची पाच एककं घेतलेल्या मुलाकडे लोक जरा आदरानं बघतात, आपल्याकडे सायन्स घेतलेल्याकडे बघतात तसे. हरेदी मुलगा मात्र आठवीनंतर बहुधा फक्त तल्मूद शिकतो. गणित नाही, इंग्रजी नाही, बाग्रुत नाही. २००८ च्या कायद्यानं अशा संस्थांना या विषयांतून अधिकृत सूट मिळाली आणि अनुदानही चालू राहिलं. त्यांच्या मुलींची गोष्ट वेगळी. सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १९१७ मध्ये क्राकोत मुलींसाठी 'बेत याकोव्ह' शाळा काढली आणि त्या परंपरेत मुली गणित, भाषा सगळं शिकतात. तल्मूद त्यांना शिकवत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत नवरा कोलेलमध्ये, म्हणजे विवाहितांच्या येशिवात, तुटपुंज्या विद्यावेतनावर आयुष्यभर पान उलगडतो आणि बायको हिशेबनीस किंवा प्रोग्रामर म्हणून घर चालवते. ज्या ज्ञानाला मान नाही त्यानं घर चालतं, आणि ज्याला मान आहे ते तिला वर्ज्य. १९४८ मध्ये बेन-गुरियननी चारशे येशिवा विद्यार्थ्यांना सैन्यसेवेतून सूट दिली होती. आकडा दशकानुदशके फुगत गेला आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही सूट कायद्याच्या आधाराशिवाय चालणार नाही असा निकाल एकमतानं दिला.

अरब शाळांचं दुखणं निराळं. अभ्यासक्रमात सगळे विषय आहेत, हुकूम मात्र आपला नाही. शिक्षकांच्या नेमणुकांवर गुप्तचर खात्याची नजर असायची, आणि त्यासाठी शिक्षण खात्यात ठेवलेलं त्यांच्या माणसाचं पद २००० नंतरच्या दशकात कुठे रद्द झालं. अरब मुलं हिब्रू लहानपणापासून सक्तीनं शिकतात, कारण पुढे विद्यापीठ हिब्रूतून. ज्यू मुलं अरबी शिकतात ती काही इयत्तांपुरती, आणि बहुतेकांची पाटी पुन्हा कोरी होते. पूर्व जेरुसलेममध्ये तर पालकांपुढे दोन बोर्डं असतात: इस्राएली बाग्रुत की पॅलेस्टिनी 'तौजिही'. तौजिही म्हणजे 'दिशा दाखवणं'. अरब जगातली मोठी विद्यापीठं त्यानं उघडतात, हिब्रू विद्यापीठाला बाग्रुत बरी पडते. म्हणजे तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं बोर्ड निवडताना घरचे त्याचा देशही निवडत असतात. वेस्ट बँकेत १९६७ नंतरही जॉर्डनचा आणि गाझात इजिप्तचा अभ्यासक्रम चालू होता. पॅलेस्टिनी पाठ्यपुस्तकं आली ती २००० पासून. निर्वासितांच्या मुलांसाठी १९५० पासून संयुक्त राष्ट्रांच्या शाळा आहेत. युद्धामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात गाझातले सुमारे ३९ हजार विद्यार्थी तौजिहीला बसूच शकले नाहीत.

दोघांना एका बाकावर बसवणाऱ्याही शाळा आहेत, मोजक्या. नेवे शालोम-वाहत अस-सलाम या गावात १९८४ पासून आणि 'हँड इन हँड' संस्थेच्या शाळा १९९८ पासून. एका वर्गात दोन शिक्षिका, एक हिब्रूत बोलणारी आणि एक अरबीत, एकीचं दुसरी भाषांतर न करता. एप्रिल-मे महिन्यांत इस्राएलचा स्वातंत्र्यदिन आणि पॅलेस्टिनींचा नकबाचा, म्हणजे १९४८ च्या विस्थापनाचा, स्मरणदिन जवळजवळ येतात, ते दिवस शिक्षकांना सर्वांत अवघड जातात. २०१४ मध्ये जेरुसलेमच्या शाळेतला पहिलीचा वर्ग जाळला गेला. शाळा चालू राहिली.

अशीच आणखी एक शाळा, पण हिला कोणी प्रयोग म्हणत नाही. बगदादहून डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. अरबी बोलणारं ज्यू घराणं. भायखळ्याला त्यांनी मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं आणि त्याच आवारात त्यांच्या घराण्याच्या देणगीतून जेकब ससून हायस्कूल उभं राहिलं, बगदादी ज्यूंच्या मुलांसाठी. ती मुलं इस्राएल, इंग्लंडला निघून गेली. आज निळ्या सिनेगॉगच्या शेजारी त्या शाळेत जी मुलं शिकतात, त्यांतली बहुतेक मुसलमान आहेत.